मेंदूचं आरोग्य आणि ताटातले वनस्पतिघटक: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हळद, जवस, पालेभाजी, ब्राह्मी यांच्याबद्दल मोबाईलवर रोज काही ना काही येत असतं. त्यातलं किती खरं, स्वयंपाकघरात नेमकं काय करायचं आणि कुठे पैसे घालवायचे नाहीत, ते इथे आहे. उत्तरं कमी-जास्त लांबीची आहेत, कारण सगळ्याच गोष्टींना सारखा पुरावा नाही.

वनस्पतिघटक म्हणजे काय? हीसुद्धा जीवनसत्त्वंच का?

नाही. जीवनसत्त्व मिळालं नाही तर ठरावीक आजार होतो. वनस्पतिघटकांचं तसं नसतं, म्हणून त्यांची रोजची गरज अमुक मिलिग्रॅम असा सरकारी आकडाही नाही. झाडं ही रसायनं स्वतःसाठी बनवतात: किडीनं पान खाऊ नये, उन्हानं करपू नये, बुरशी लागू नये म्हणून. कांद्यातलं क्वेर्सेटिन, जांभळातला जांभळा रंग म्हणजे अँथोसायनिन, हळदीतलं कर्क्युमिन आणि ज्वारीच्या कोंड्यातलं फेरुलिक आम्ल ही पॉलिफेनॉलच्या गोतावळ्यातली मंडळी. पालेभाजीतलं ल्युटिन वेगळ्या कुळातलं, कॅरोटिनॉइड. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं तिसरी.

खाल्लेलं हे सगळं मेंदूपर्यंत पोचतं का?

फार थोडं. बहुतेक पॉलिफेनॉल लहान आतड्यात नीट शोषलीच जात नाहीत. जी शोषली जातात त्यांचं रूप यकृत बदलतं, आणि त्यापुढे रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी आडवी येते. म्हणून ‘अँटिऑक्सिडंट मेंदूत जाऊन घातक कण पुसून काढतात’ ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१२ मध्ये स्वतःहून मागे घेतला. प्रयोगशाळेच्या नळीतला आकडा आणि शरीरातला परिणाम यांचा मेळ बसत नव्हता. पाकिटांवर तो आकडा अजूनही मिरवतो, ही गोष्ट वेगळी.

आज ज्यावर जास्त विश्वास आहे त्या वाटा दोन. पहिली रक्तवाहिन्यांची. काही फ्लॅव्होनॉइडमुळे (हा पॉलिफेनॉलमधलाच एक गट) रक्तवाहिन्यांचं अस्तर सैलावतं आणि रक्तदाब थोडा उतरतो. मेंदू सतत रक्तपुरवठ्यावर जगतो, त्यामुळे वाहिन्यांना जे चांगलं ते मेंदूला चांगलं. दुसरी वाट मोठ्या आतड्याची. तिथले जिवाणू न शोषलेली पॉलिफेनॉल फोडून लहान रेणू बनवतात आणि ते रक्तात जातात. डाळिंबातल्या घटकांपासून युरोलिथिन बनतं ते असंच. ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात, म्हणून एकच डाळिंब नवऱ्याला जितकं लागू पडेल तितकंच बायकोला पडेल असं नाही.

मग यानं स्मृतिभ्रंश टळतो का?

‘टळतो’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो काहीतरी विकत असतो.

पुरावे दोन तऱ्हेचे आहेत. नुसत्या निरीक्षणात चित्र चांगलं दिसतं. शिकागोच्या रश विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात ९६० ज्येष्ठांपैकी रोज साधारण एक वाटी पालेभाजी खाणाऱ्यांची स्मरणशक्ती हळू घसरली. पण पालेभाजी नेमानं खाणारा माणूस बहुधा चालतोही जास्त आणि औषधंही वेळेवर घेतो, त्यामुळे श्रेय कुणाचं ते कळत नाही. खऱ्या चाचणीत चित्र फिकं होतं. पालेभाज्या, बेरीवर्गीय फळं आणि सुकामेवा यांवर भर देणाऱ्या ‘माइंड’ आहाराची ६०४ जणांवर तीन वर्षं चाचणी झाली. २०२३ च्या निकालात तो आहार घेणारे आणि नेहमीचंच पण बेतानं खाणारे यांच्या स्मरणशक्तीत लक्षणीय फरक आढळला नाही.

फिनलंडमधल्या १,२६० जणांच्या चाचणीत मात्र आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं एकत्र केलं, तेव्हा दोन वर्षांत फायदा दिसला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी हाताळली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, कमी ऐकू येणं, एकटेपण, बैठं जगणं ही त्या यादीतली नावं. हळद त्या यादीत नाही. बीपीची गोळी बंद करून हळदीचं दूध सुरू करणं हा त्यामुळे उलटा व्यवहार आहे.

आईला अलीकडे फार विसरायला होतं. खाण्यात काय वाढवू?

आधी तपासणी, मग खाणं. भारतात साठीपुढच्या दर १०० जणांमागे साधारण ७ जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३ मधला अंदाज आहे. पण विसराळूपणाची काही कारणं भरून येण्यासारखी असतात. बी-१२, थायरॉईड, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब एवढं पाहून घ्या. कानाला कमी येतंय का आणि मन उदास आहे का, हेही डॉक्टरांना सांगा.

बी-१२ वर विशेष लक्ष द्या. ते कुठल्याही वनस्पतीत भरवशानं मिळत नाही. माळकरी किंवा शाकाहारी घर, दूध-दही बेताचं, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते बऱ्याचदा खाली जातं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, चिडचिड आणि विसर असं एकत्र दिसलं की संशय घ्यायचा. इथे पालेभाजीची जुडी उपयोगाची नाही, गोळी किंवा इंजेक्शनच लागतं. उशीर झाला तर मज्जातंतूंची सगळी हानी भरून निघत नाही.

विसर काही दिवसांतच एकदम वाढला, बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूची ताकद गेली तर घरगुती काही करत बसू नका. त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा.

हळदीचं काय? आपल्याकडे तर वसमतची हळद आहे.

आहे, आणि हिंगोली-वसमतच्या पट्ट्याला त्याचा रास्त अभिमान आहे. पण हिशेब करून पाहा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. अर्धा चमचा म्हणजे दीड ग्रॅम हळद घेतली तर पोटात ४५ मिलिग्रॅम कर्क्युमिन गेलं. अल्झायमरच्या रुग्णांवर ज्या चाचण्या झाल्या त्यांत रोज एक ते चार ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. दोन ग्रॅमसाठी ६५ ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल. आणि एवढं देऊनही त्या रुग्णांची स्मरणशक्ती सुधारली नाही. सहज शोषल्या जाणाऱ्या खास कर्क्युमिनची स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० माणसांवर १८ महिन्यांची एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात स्मरणशक्ती थोडी सुधारलेली दिसली, पण ४० माणसांवरून गावाला सल्ला देता येत नाही.

फोडणीत हळद घालायची ती तेलात, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. तेल धूर सोडेपर्यंत तापलं असेल तर हळद काळपट होऊन कडवटते. आच मंद करून हळद टाका आणि लगेच भाजी किंवा वरण ओता.

मिऱ्यानं हळद वीसपट लागू होते म्हणतात, ते खरं का?

आकड्याला आधार आहे. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन (मिऱ्यातलं तिखट द्रव्य) दिलं, तेव्हा रक्तात पोचणारं प्रमाण सुमारे वीसपट वाढलं. मुळातच ते नगण्य होतं, हे पुढे सांगताना गळून पडतं. तेवढं पायपरिन आठ-दहा मिऱ्यांत असतं. भाजीत मिरी घाला, बिघडत नाही. पण मोठ्या मात्रेतलं पायपरिन काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, त्यात फिटची फेनिटॉइन आणि बीपीची प्रोप्रानोलॉल येतात. तीच गोष्ट कर्क्युमिन-पायपरिनच्या कॅप्सूलची. अमेरिका आणि इटलीत अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. गडद लघवी, पिवळे डोळे, अन्नावरची वासना उडणं असं दिसलं तर कॅप्सूल तिथेच थांबवा आणि यकृताची तपासणी करा.

हळदीत भेसळ कशी ओळखायची?

हा प्रश्न वरच्या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा आहे. हळकुंडाला पॉलिश करताना झगझगीत पिवळेपणासाठी काही ठिकाणी लेड क्रोमेट लावतात. त्यात शिसं असतं आणि शिसं थेट मेंदूवर घाव घालतं, लहान मुलांच्या तर जास्तच. मेंदूसाठी म्हणून खाल्लेल्या हळदीतून शिसं पोटात जावं, यापरता विनोद नाही.

सुटी पूड घेण्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेलं हळकुंड घ्या. ते मळकट पिवळं, खरबरीत दिसतं. एक हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाकून ठेवा. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर माल परत करा. पाणी स्वच्छ राहिलं म्हणून शिसं नाहीच असं मात्र नाही, त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते. दळताना गिरणीत आधी मिरची दळलेली नाही ना, ते पाहा.

भाकरीत काही आहे का, की नुसतं पोट भरतं?

आहे, फक्त ते कोंड्यात आहे. फेरुलिक आम्ल ज्वारीच्या सालीला घट्ट चिकटलेलं असतं आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू ते सोडवतात. बारीक चाळणीनं पीठ चाळून कोंडा गुरांना घातला की तेही गुरांनाच गेलं. रब्बीची मालदांडी ज्वारी पांढरी असते आणि तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य नसल्यातच जमा, त्यामुळे लोहाच्या शोषणाला तिचा फारसा अडथळा नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘परभणी शक्ती’ हे वाण लोह आणि जस्त जास्त असावं म्हणूनच काढलेलं आहे.

पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी ‘रंग आहे म्हणजे पॉलिफेनॉल असतील’ म्हणून खाऊ नका. तो काळेपणा बुरशीचा आहे. पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. ज्वारीच्या कोंबात तेल असतं, उन्हाळ्यात ते लवकर खवट होऊन भाकरी कडू लागते.

पालेभाजी कशी केली तर सत्त्व टिकतं?

निवडा, धुवा, मग चिरा. चिरून धुतली की पाण्यात विरघळणारं बरंच वाहून जातं. झाकण ठेवून अंगच्या पाण्यात पाच-सात मिनिटं, बस. ल्युटिन तेलात विरघळतं, म्हणून चार माणसांच्या भाजीला दोन-तीन चमचे तेल लागतंच. बिनतेलाची उकडलेली भाजी पथ्य म्हणून खाणाऱ्यांचं ल्युटिन बहुतेक तसंच बाहेर पडतं. भाजी हिरवीगार दिसावी म्हणून सोडा घालू नका, सोड्यानं पॉलिफेनॉल आणि क जीवनसत्त्व दोन्ही मोडतात.

अंबाडी अपवाद. ती उकडून पिळावीच लागते. पिळलेल्या पाण्यात ऑक्झलेटही जातं, म्हणून मुतखडा होण्याची सवय असेल त्यांनी ते ओतूनच द्यावं. इतरांनी थोडं पाणी कण्यांत वापरायला हरकत नाही, चिंच कमी लागेल.

वेळ अमावास्येची भज्जी या बाबतीत नमुनेदार आहे: ओली तूर, हरभरा, वाटाणा, मेथी, कांद्याची पात असं हाताला लागेल ते एका भांड्यात आणि रस्सा न फेकता. लातूर-धाराशिवकडे ती वर्षातून एकदाच होते. थंडीत आठवड्याला करायला कुणाची ना नाही.

लसूण-कांदा?

लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा, मग फोडणीला टाका. ठेचल्यावर त्यातलं एक विकर (एन्झाइम) ॲलिइनपासून ॲलिसिन हे गंधकयुक्त द्रव्य बनवतं आणि उष्णतेनं ते विकर मरतं. अख्खी पाकळी थेट गरम तेलात गेली तर ॲलिसिन बनतच नाही. कांद्याचं क्वेर्सेटिन बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतं, वाळकं साल काढल्यावर आणखी दोन थर सोलायची गरज नाही. दोन्हींचा रक्तदाबावर थोडा परिणाम दिसतो. थेट स्मरणशक्तीचा पुरावा तोकडा आहे.

अक्रोड खायलाच हवेत का? फार महाग आहेत.

नकोत. मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, एवढ्यावर पाचशे-हजार रुपये घालवायचं कारण नाही. ज्येष्ठांना दोन वर्षं रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड देऊन अमेरिका आणि स्पेनमध्ये चाचणी झाली. एकंदर गटात स्मरणशक्तीला फायदा दिसला नाही.

आपल्याकडची जवसाची चटणी पुरेशी आहे. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा. लाल झाले की तेल बिघडतं. भाजलेले जवस लसूण, मीठ, तिखट घालून कुटा. अख्खे जवस तसेच बाहेर पडतात. एकदम महिन्याची चटणी करू नका, आठवड्यापुरती करा आणि काचेच्या बरणीत अंधारात ठेवा, ऑइलपेंटसारखा वास आला की टाकून द्या. माणशी रोज एक मोठा चमचा, म्हणजे साधारण सात ग्रॅम. त्यातून दीड ग्रॅमच्या वर ओमेगा-३ मिळतं. मात्र मेंदूत ओमेगा-३ चा जो डीएचए हा प्रकार असतो तो माशांतला, आणि जवसापासून शरीर तो अगदी थोडा बनवतं.

शेंगदाणे सालासकट खा, पॉलिफेनॉल सालात असतात. सुरकुतलेला, काळपट किंवा कडू दाणा मात्र काढून टाका. त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजल्यानं पूर्ण जात नाही.

फळांत काय घ्यावं?

जूनमध्ये जांभूळ. परदेशी ब्लूबेरीच्या ज्या रंगाचं कौतुक होतं, तेच अँथोसायनिन जांभळात आहे. धुऊन, कोरडी करून, बिया काढून फ्रीजरमध्ये ठेवली तर काही महिने टिकतात. उकळून सरबत केलं की रंगाचा बराच भाग जातो आणि साखर वाढते. जालन्याच्या मोसंबीतलं हेस्पेरिडिन हे फ्लॅव्होनॉइड रसात कमी आणि पांढऱ्या पापुद्र्यात जास्त असतं, म्हणून रस काढण्यापेक्षा फोडी खा. मधुमेह असेल तर रस नकोच.

चहा चालतो का?

चहात फ्लॅव्हनॉल (फ्लॅव्होनॉइडचाच एक प्रकार) भरपूर असतात, अडचण साखरेची आहे. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हटलं की ४५-५० ग्रॅम साखर चहातूनच गेली. जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादाच तेवढी आहे. जेवणाबरोबर चहा घेतला तर भाजीतलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून मागेपुढे तासाभराचं अंतर ठेवा.

ब्राह्मी, अश्वगंधा, गिंको?

ब्राह्मीच्या अर्काचा (रोज ३०० मिलिग्रॅम, १२ आठवडे) पाठांतरावर बेताचा फायदा काही छोट्या चाचण्यांत दिसला. मळमळ आणि जुलाब हा तिचा त्रास. डोक्याला लावायच्या ब्राह्मी तेलाचा यातल्या कशाशीही संबंध नाही. गिंको या परदेशी झाडाच्या पानांच्या अर्काची ३,००० हून अधिक ज्येष्ठांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २००८ मध्ये आला आणि स्मृतिभ्रंश टळला नाही. अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉईडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

झाडातलं आहे म्हणजे अपाय नाही ना?

मज्जासंस्थेचा नाश करणारी काही जालीम द्रव्यं झाडांतलीच आहेत. लाखेच्या डाळीत ओडीएपी नावाचं विष असतं. दोन-तीन महिने तेच मुख्य अन्न झालं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. तुरीच्या डाळीत किंवा बेसनात तिची भेसळ होते. तुरीची डाळ गोलसर असते, लाखेची कोनाकोनाची आणि एका बाजूला उतरती दिसते.

दुसरं उदाहरण सीताफळाच्या कुळातलं. कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर लक्ष्मणफळ आणि त्याच्या पानांचा काढा सतत घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार जास्त आढळला, हे १९९९ मध्ये पुढे आलं. त्यातल्या ॲनोनासिन या द्रव्यावर संशय आहे. हंगामात बीडचं सीताफळ खुशाल खा. बिया मात्र मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका, पानांचा काढा करू नका आणि उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावू नका. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते.

गोळ्या चालू आहेत, काय सांभाळू?

रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम असेल तर पालेभाजी बंद करायची नाही, प्रमाण रोज सारखं ठेवायचं. आठवडाभर काही नाही आणि एका दिवशी तीन जुड्या, असं झालं की रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा वरखाली होतो. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्या. सोयाबीन आणि जवस तिच्यापासून काही तास लांब ठेवा. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर पपनस आणि चकोतरा टाळा, मोसंबी चालते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर लसणाच्या, हळदीच्या आणि गिंकोच्या कॅप्सूल घेत असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा.

घरचं सोयाबीन आहे, ते पिठात घालू का?

कच्चं नको. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. निवडलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून २५-३० मिनिटं उकळा, पाणी ओतून द्या, कडक वाळवा आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळा. यापेक्षा जास्त घातलं तर पोळी वातड होते आणि घरचे दुसऱ्या दिवशी खात नाहीत.

मार्चनंतर पालेभाजी मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. तेव्हा?

थंडीतच वाळवून ठेवा. हरभऱ्याचा पाला फुलोऱ्याआधी खुडा, मेथीची पानं निवडून घ्या. मेथी धुऊन पंच्यावर पूर्ण निथळू द्या. हरभऱ्याचा पाला धुतला की आंब जाते, म्हणून तो वाळवल्यावर झटकून, शिजवण्याआधी धुतात. फवारणी झालेल्या रानातला पाला मात्र घेऊच नका. सावलीत, वारा लागेल अशा जागी पातळ पसरा आणि दिवसातून दोनदा हलवा. थेट उन्हात पानं पिवळी पडली की ल्युटिन आणि कॅरोटिन उडालं असं समजा. दोन ते चार दिवसांत पान चुरचुरतं. देठ वाकला पण मोडला नाही तर आणखी एक दिवस द्या, नाहीतर डब्यात बुरशी धरते. किलोभर मेथीचा सव्वाशे-दीडशे ग्रॅम पाला होतो. तो घट्ट झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवा आणि तुरीच्या डाळीत किंवा कण्यांत मूठभर घाला. क जीवनसत्त्व जवळजवळ संपलेलं असतं, ते लिंबू वरून पिळून भरून काढा.